पावसाळा लागला की मुक्त कार्बीन हातात का येत नाही: फ्लास्कमधलं पाणी कुठून शिरतं ते शोधताना

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे तोच प्रश्न येतो: मुक्त कार्बीन का होत नाही? कधी आमच्याच लॅबमधला नवीन विद्यार्थी विचारतो, कधी धुळ्याकडून किंवा नंदुरबारकडून कुणाचा फोन येतो. "मॅडम, एप्रिलमध्ये हीच रिअ‍ॅक्शन सुरळीत व्हायची. तेच मीठ, तोच बेस, तेच सॉल्व्हंट. आता तीन वेळा केली, तिन्ही वेळा पांढरा गाळ." दिवाळी झाली की तक्रार आपोआप थांबते आणि पुढच्या जूनपर्यंत सगळे ती विसरतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमच्या लॅब असिस्टंट काकांचं गाव अमळनेरकडचं. खिडकीवर पहिली सर आपटली की ते म्हणतात, "पानी उनं." अहिराणीत पावसालाही पानीच म्हणतात. कार्बीन करणाऱ्याने हे दोन शब्द शब्दशः घ्यावेत, कारण ज्या दिवशी बाहेर पानी उनं, त्या दिवसापासून ते फ्लास्कमध्येही यायला लागतं.

कार्बीन म्हणजे दोनच बंध आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असलेल्या कार्बनचा रेणू. इथे बोलते आहे ती एन-हेटरोसायक्लिक कार्बीनबद्दल, म्हणजे एनएचसीबद्दल. उदाहरण म्हणून आयपीआर घेते. इमिडॅझोलच्या कड्यातल्या दोन्ही नायट्रोजनांवर डायआयसोप्रोपिलफेनिल गट आणि त्यांच्या मधल्या कार्बनवर एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी, अशी त्याची रचना. १९९१ मध्ये आर्डुएंगो या रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅडमँटिल गट असलेलं कार्बीन स्फटिकरूपात बाटलीत भरून दाखवलं. ते २४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे उष्णतेला ते अजिबात नाजूक नाही. जळगावच्या मे महिन्याचं त्याला काही वाटत नाही. त्याला भीती प्रोटॉनची. बेसने ज्याचा प्रोटॉन काढून आयपीआर करतात ते इमिडॅझोलियम मीठ हे फार दुबळं आम्ल आहे. त्याचा पीकेए (आकडा जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) पाण्यापेक्षा बराच वर, वीसच्या पुढे आहे. उलट बाजूने पाहिलं तर मुक्त कार्बीन हा तितकाच जबर बेस झाला. पाणी दिसलं की तो प्रोटॉन ओढून घेतो आणि पुन्हा मीठ होऊन बसतो. पाणी जास्त आणि वेळही जास्त मिळाला तर कडं उघडून फॉर्मामाइड तयार होतं. एसआयपीआरसारख्या संपृक्त कड्याच्या कार्बीनमध्ये हे कडं उघडणं फार लवकर होतं.

कॅटॅलिसिस करणाऱ्या मित्रांना हा त्रास तितका जाणवत नाही, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. पॅलेडियम किंवा तांबं घेऊन कपलिंग करताना फ्लास्कमध्ये बेस भरपूर असतो. थोडं कार्बीन मीठ झालं तरी तो बेस ते पुन्हा मोकळं करतो आणि धातू ते घट्ट पकडून ठेवतो. मुळात तिथे लिगंड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, एक-दोन टक्केच लागतो. मेन ग्रुपमध्ये, म्हणजे सिलिकॉन, बोरॉनसारख्या मूलद्रव्यांत, असा आधार मिळत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइडवर किंवा बोरॉनवर कार्बीन बसवायचं असेल तर एकास एक मोजून लागतं आणि प्रत्येक आगंतुक प्रोटॉन हिशेबातून एक रेणू कमी करतो. २००८ मध्ये रॉबिन्सनच्या गटाने दोन आयपीआरच्या आधाराने शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतल्या सिलिकॉनची दुहेरी बंधाची जोडी उभी केली. २०१२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या गटाने दोन कार्बीनच्या मधोमध बोरॉन-बोरॉन तिहेरी बंध बांधला. ते वाचून आमच्या मुलांचे डोळे चमकतात आणि चमकायलाच हवेत. पण त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे बाटलीत शुद्ध, मोजलेलं, मुक्त कार्बीन. आमच्याकडे जूनमध्ये घसरायला होतं ते नेमकं या पायरीवर.

आधी खात्री करा: कार्बीन खरंच झालं नाही, की दिसत नाही?

हा भाग टाळू नका. एका वर्षी आमचे दोन आठवडे यातच वाया गेले.

मुक्त आयपीआरचा कार्बीन कार्बन कार्बन-१३ एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणू ओळखणाऱ्या तपासणीत, २२० पीपीएमच्या जवळ दिसतो. हायड्रोजन नसलेला कार्बन, सावकाश शिथिल होणारा, म्हणून पीक लहान येतं. बऱ्याच यंत्रांवर कार्बनची नेहमीची खिडकी साधारण २२० पर्यंतच असते, आणि आपलं पीक बरोबर तिच्या उंबरठ्यावर बसतं. कधी ते कापलं जातं, कधी दुमडून भलत्याच जागी उमटतं. नमुना दुसऱ्याच्या यंत्रावर दिला की ऑपरेटर सवयीने नेहमीची फाइल लावतो. पीक येत नाही आणि आपण समजतो की कार्बीन गेलं. फॉर्मवर स्पष्ट लिहा: खिडकी किमान २६० पर्यंत, दोन स्कॅनमधलं अंतर वाढवलेलं, स्कॅन भरपूर. संपृक्त कार्बीनचं पीक तर २४४ च्या आसपास येतं. बर्ट्रांडच्या सीएएसी जातीचं, म्हणजे कार्बीन कार्बनशेजारी एकच नायट्रोजन असलेल्या कार्बीनचं, ३०० च्याही वर जातं. नेहमीच्या खिडकीत ही दोन्ही दिसायची शक्यताच नाही.

प्रोटॉन एनएमआर जास्त कामाचा आहे. ड्युटेरेटेड बेंझीनमध्ये आयपीआरच्या कड्यातले दोन हायड्रोजन ६.६ जवळ एकेरी पीक देतात, आयसोप्रोपिलचा सप्तक २.९५ च्या आसपास येतो आणि मिथाइलचे दोन दुहेरे १.१७ आणि १.२८ ला. हे दिसलं की कार्बीन आहे. ०.४ ला बारीक पीक असेल तर ते पाणी, ०.२९ ला असेल तर ग्रीस.

इथे एक फसगत दडलेली आहे आणि आमची पुष्कळ मुलं तीत अडकली. इमिडॅझोलियम मीठ बेंझीनमध्ये विरघळत नाही. तुमच्या घन पदार्थात निम्मं मीठ असलं तरी ते ट्यूबच्या तळाशी पांढरं बसून राहतं आणि स्पेक्ट्रम मात्र पुस्तकातल्यासारखा स्वच्छ येतो. मग ते वजन पूर्ण कार्बीनचं धरून तुम्ही सिलिकॉनची रिअ‍ॅक्शन लावता आणि उत्पन्न निम्म्यावर येतं. ट्यूब उजेडात धरून बघा. गढूळपणा असेल तर तो गाळून वेगळा काढा आणि ड्युटेरेटेड डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये त्याचा प्रोटॉन एनएमआर घ्या. १० च्या आसपास पीक आलं तर ते मीठ. पण त्यात बेसचा अंश राहिला असेल तर तो हायड्रोजन ड्युटेरियमशी अदलाबदल करतो आणि पीक गायब होतं. म्हणून १० ला काही दिसलं नाही म्हणजे मीठ नाहीच, असं समजू नका. बाकीची पीकंही ताडून बघा.

क्लोरोफॉर्ममध्ये मुक्त कार्बीनचा एनएमआर घेऊ नका, तो प्रोटॉन देतो. हे ठाऊक असूनही घाईत जवळची बाटली उचलली जाते, म्हणून पुन्हा लिहिलं.

नमुना प्रवासात मरतो

खान्देशातल्या बहुतेक कॉलेजांमध्ये एनएमआर यंत्र नाही. ट्यूब कुणाबरोबर तरी रेल्वेने दुसऱ्या शहरात जाते, एक रात्र प्रवासात, एक दिवस रांगेत. प्लास्टिकच्या टोपीची साधी ट्यूब पावसाळ्यात इतका वेळ टिकत नाही. तिकडून स्पेक्ट्रम येतो तो मिठाचा आणि इकडे मुलं रिअ‍ॅक्शनला दोष देतात.

टेफ्लॉन झडपेची ट्यूब असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ट्यूब ज्योतीवर वितळवून बंद करता येते, पण त्याला सरावलेला हात लागतो. आम्ही यावर दुसराच उपाय धरला आहे आणि तो मला मनापासून आवडतो: कार्बीनला इथेच पकडून ठेवायचं. गाळलेल्या द्रावणातला मोजून एक मिलिलिटर घ्यायचा, त्यात कोरडं गंधक जास्त प्रमाणात टाकायचं आणि सामान्य तापमानाला ढवळायचं. कार्बीनचं थायोन, म्हणजे गंधक जोडलेलं संयुग, होतं. ते हवेला, पाण्याला, रेल्वेच्या प्रवासाला, कशालाच बधत नाही. सॉल्व्हंट उडवून त्यात प्रमाणक म्हणून वजन केलेलं ट्रायमेथॉक्सीबेंझीन घालायचं आणि मग खुशाल क्लोरोफॉर्ममध्ये पाठवायचं. गंधकाचा प्रोटॉनमध्ये काही त्रास नाही. थायोनची पीकं आणि प्रमाणकाचं ६.०८ चं पीक यांची तुलना केली की एक मिलिलिटरमध्ये किती कार्बीन होतं ते कळतं. अट एकच, द्रावण आधी गाळलेलं असावं. न विरघळलेलं मीठ आणि बेस आत राहिले तर गंधकाच्या उपस्थितीत तेही थायोन होतात आणि आकडा खोटा वाढतो.

हाच प्रयोग सेलेनियमने केला तर आणखी एक माहिती पदरात पडते. सेलेनियम-७७ च्या पीकची जागा त्या कार्बीनची पाय-आम्लता सांगते, म्हणजे धातूकडून किंवा मेन ग्रुपच्या अणूकडून मागे येणारे इलेक्ट्रॉन ते किती सामावून घेऊ शकतं ते. लिगंड निवडताना हे उपयोगी पडतं. पण बिघाड शोधायला गंधक पुरेसं आहे आणि स्वस्तही.

आता पाण्याचा हिशेब

"सॉल्व्हंट कोरडं आहे का?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं. पण हा प्रश्न हो-नाहीचा नाही. किती, ते सांगा.

समजा, तुम्ही अर्धा मिलिमोल आयपीआर हायड्रोक्लोराइड घेतलं. रेणुभार ४२५, म्हणजे साधारण २१२ मिलिग्रॅम. टीएचएफ हे सॉल्व्हंट २० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. त्यात २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग, पाणी असेल तर ३.६ मिलिग्रॅम झालं. पाण्याचा रेणुभार १८, म्हणजे ०.२ मिलिमोल. तुमच्या कार्बीनच्या ४० टक्के! तेच टीएचएफ घेऊन पाच मिलिमोलची रिअ‍ॅक्शन ६० मिलिलिटरमध्ये केली तर पाणी ०.६ मिलिमोल, म्हणजे बारा टक्के. शंभर-दोनशे मिलिग्रॅमवर करणाऱ्या विद्यार्थ्याला अपयश का येतं आणि त्याच बाटलीतून दोन ग्रॅमवर करणाऱ्या सीनियरला यश का मिळतं, ते या दोन ओळींत आहे. सीनियरचा हात चांगला आणि ज्युनियरचा वाईट, असं काही नसतं. मी स्वतः एका मुलीला असं बोलले होते. नंतर हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा तिची माफी मागितली.

टीएचएफ कोरडं करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. सोडियम-बेंझोफिनोनचा निळा रंग सुंदर दिसतो, पण रंग म्हणजे आकडा नव्हे. विल्यम्स आणि लॉटन यांनी २०१० मध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी कोरड्या केलेल्या सॉल्व्हंटमधलं पाणी मोजून प्रसिद्ध केलं. त्यात तीन आँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या सूक्ष्मछिद्री मण्यांवर, दोन-तीन दिवस ठेवलेलं टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवरच्या टीएचएफपेक्षा जास्त कोरडं निघालं. सीव्ह सॉल्व्हंटच्या आकारमानाच्या २० टक्के घ्यायचे, म्हणजे शंभर मिलिलिटरला वीस ग्रॅम. चमचाभर टाकून भागत नाही. आणि ते ३०० अंशांवर रात्रभर तापवून, व्हॅक्यूमखाली थंड केलेले असले पाहिजेत. काचेची भांडी वाळवायच्या १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेले सीव्ह तापतात, पण त्यांच्या पोटातलं पाणी तिथेच राहतं. मफल भट्टी मातीच्या नमुन्यांसाठी बहुतेक कॉलेजांत असते, ती मागून घ्या. उन्हाळ्यात आमच्या सगळ्या चुका पोटात घालणारी कोरडी हवा असते. पावसाळ्यात ती नसते आणि मग अर्धवट तापवलेले सीव्ह उघडे पडतात.

मीठही वाळवावं लागतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इमिडॅझोलियम क्लोराइड पाणी धरून ठेवतं. २१२ मिलिग्रॅम मिठात एक टक्का पाणी, म्हणजे दोन मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२ मिलिमोल. वर्षभर कपाटात राहिलेली बाटली उघडून थेट वजन करू नका. रात्रभर १०० अंशांवर, व्हॅक्यूमखाली ठेवा आणि मग वापरा. मीठ घरी केलेलं असेल तर त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल उरलेलं नाही ना, तेही पाहा. ते थेट बेस खातं.

बेसबद्दल थोडक्यात. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड मोकळं, भुरभुरीत असावं. गोळे झाले असतील तर बराच भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड झाला आहे आणि आम्लाने टायट्रेशन केल्यास तो फरक दिसणार नाही, कारण दोन्ही सारखंच आम्ल उदासीन करतात. व्हॅक्यूममध्ये सब्लाइम करा किंवा नवी बाटली घ्या. केएचएमडीएस हा पोटॅशियमचा दुसरा बेस वापरला तर टर्ट-ब्युटॅनॉलऐवजी उडून जाणारं अमाइन उरतं, म्हणून मेन ग्रुपच्या कामाला मी तेच सुचवते. लिथियमचा बेस टाळा, लिथियम कार्बीनला चिकटून राहतो.

सेलाइट

आमचा खरा गुन्हेगार इथे सापडला.

सॉल्व्हंट बदललं, सीव्ह बदलले, मीठ वाळवलं, बेस नवा घेतला, तरी जुलैमध्ये गंधकाचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर जाईना. तेव्हा एका विद्यार्थ्याने असं सुचवलं की शेवटी एकदाच मोजण्याऐवजी वाटेत तीन ठिकाणी मोजावं. गाळण्यापूर्वी गाळ पूर्ण खाली बसू दिला आणि वरचं नितळ द्रावण सिरिंजने घेतलं, हा पहिला नमुना. सेलाइटमधून गाळल्यावर दुसरा. सॉल्व्हंट उडवून, पुन्हा विरघळवून तिसरा. तिन्हींत गंधक टाकलं. पहिल्यात नव्वदच्या जवळ. दुसऱ्यात चाळीस. तिसऱ्यातही चाळीस. पंधरा मिनिटांच्या गाळण्यात निम्मं कार्बीन जात होतं.

सेलाइट म्हणजे डायटमची माती, छिद्रंच छिद्रं. तीन ग्रॅम सेलाइटमध्ये एक टक्का ओल असेल तर ३० मिलिग्रॅम पाणी, म्हणजे जवळपास १.७ मिलिमोल. आपलं कार्बीन अर्धा मिलिमोल! त्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गाळण्यापूर्वी फ्लास्कमध्ये जादा बेस आहे, आत आलेलं पाणी आधी त्याच्याशी भिडतं. गाळताना बेस मागे राहतो आणि कार्बीन एकटं पुढे जातं. नेमकी त्याच वेळी त्याची गाठ सर्वात ओल्या वस्तूशी पडते.

आता सेलाइट २०० अंशांवर व्हॅक्यूमखाली रात्रभर ठेवतो आणि बाहेर न काढता तिथूनच ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या कोरड्या वायूच्या बंद पेटीत, नेतो. ज्यांच्याकडे ग्लोव्हबॉक्स नाही त्यांनी गाळणी आणि सेलाइट दोन्ही श्लेंक लाइनवर, म्हणजे व्हॅक्यूम आणि नायट्रोजन यांच्या जोडनळीवर, व्हॅक्यूममध्ये हीटगनने तापवून घ्यावेत आणि मग नायट्रोजन भरावा. त्याहून सोपं म्हणजे सेलाइट टाळणं. पोटॅशियम क्लोराइडचा गाळ रात्रभर बसू द्या, कॅन्युलाच्या (द्रव ओढून घ्यायच्या बारीक नळीच्या) टोकाला काचेचा वाळवलेला फिल्टर कागद बांधा आणि वरचं द्रावण काढून घ्या. थोडं कार्बीन मागे राहतं, राहू द्या. जे हाती येतं ते खात्रीचं असतं.

माझं सांगणं एवढंच राहील की तुमचा गुन्हेगार सेलाइटच असेल असं धरून चालू नका. तीन ठिकाणी नमुने घ्या. आकडा जिथे पडतो तिथे शोधा. पहिल्याच नमुन्यात कमी असेल तर मीठ, बेस किंवा टीएचएफ. गाळल्यावर पडला तर गाळणी. उडवताना पडला तर लाइन, नळी किंवा पंप. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही सुरुवातीला चार गोष्टी एकत्र बदलल्या आणि एकदा यश आलं तेव्हा ते कशामुळे आलं ते सांगता येईना.

लाइन, नळी आणि वीज

आमच्या लाइनला पूर्वी दोन मीटर सिलिकॉनची नळी होती. पारदर्शक, मऊ, वाकवायला सोयीची. पण सिलिकॉन रबरातून पाण्याची वाफ आरपार जाते. आत सिलिंडरचा कोरडा नायट्रोजन, बाहेर पावसाळी हवा, मधे ही नळी. जाड भिंतीची काळी रबरी नळी लावली आणि ती शक्य तितकी तोकडी केली. सिलिंडरनंतर निळ्या सिलिका जेलचा स्तंभ पुरत नाही, त्याच्यापुढे सीव्हचा एक स्तंभ हवा.

ओव्हन सगळ्यांचा असतो. तुमचे फ्लास्क रात्रभर वाळले आणि सकाळी नऊ वाजता बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची ओली भांडी शेजारी आली, तर वाळणं संपलं. फ्लास्क गरम असतानाच काढा, गरमच लाइनला जोडा, व्हॅक्यूममध्ये थंड होऊ द्या.

विजेचा प्रश्न आमच्याकडे कायमचा आहे. कार्बीन व्हॅक्यूममध्ये वाळत असताना वीज गेली की पंप थांबतो आणि लाइनमध्ये मागून हवा शिरते, कधी पंपाचं तेलही मागे येतं. पंप आणि लाइन यांच्यामध्ये वीज जाताच बंद होणारी झडप बसवता येते. नसेल तर आमच्यासारखी सवय लावा: फ्लास्क वाळत असताना कुणीतरी समोर बसलेलं हवं, आणि दिवे गेले की पहिला हात फ्लास्कच्या कॉकवर. पंपाचं तेल दुधासारखं दिसायला लागलं की त्यात पाणी आहे. पावसाळ्यात ते दर महिन्याला बदला.

पाणी नसतानाही पांढरा गाळ

दोन कारणं आणखी आहेत आणि ती पाण्यावर ढकलली जातात.

पहिलं कार्बन डायऑक्साइड. कार्बीन ते झटकन उचलतं आणि इमिडॅझोलियम कार्बोक्झिलेट तयार होतं, पांढरं, टोल्यूइनमध्ये न विरघळणारं, दिसायला अगदी मिठासारखं. ड्राय आइसच्या टबात फ्लास्क बुडवून त्याचं बूच उघडलं की वरचा सगळा वायू कार्बन डायऑक्साइडच असतो, हे त्या क्षणी सुचत नाही. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम घ्या. कार्बोक्झिलेटचा पट्टा १६५० ते १६८० च्या आसपास ठसठशीत येतो, साध्या क्लोराइड मिठात तो नसतो. तापवलं तर हा वायू पुन्हा निघून जातो, म्हणजे हे नुकसान भरून निघण्यासारखं आहे.

दुसरं कारण मेन ग्रुपच्या क्लोराइडमधून येतं. सिलिकॉन टेट्राक्लोराइड, बोरॉन ट्रायक्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, या बाटल्या पावसाळ्यात दोनदा उघडल्या की आत हायड्रोजन क्लोराइड तयार होतं. हेक्झेनमध्ये कार्बीन घेऊन सिलिकॉन टेट्राक्लोराइड थेंब थेंब सोडलं की पांढरा गाळ बसतो आणि आपण खूश होतो की दोन्ही जोडून अ‍ॅडक्ट झालं. त्या गाळात मोठा वाटा आयपीआर हायड्रोक्लोराइडचा असू शकतो. दिसायला दोन्ही सारखे. आमच्याकडे एकदा असा गाळ घेऊन पोटॅशियम ग्राफाइटबरोबर रिडक्शन लावलं, फेस आला, आणि मग उलगडलं की आपण मिठाचा प्रोटॉन रिड्यूस करतो आहोत. सिलिकॉन टेट्राक्लोराइड ५७-५८ अंशांना उकळतं. ताजं डिस्टिल करून वापरा आणि त्याआधी गोठवून-पंप करून-वितळवून विरघळलेला वायू काढा.

हात बसवायला पहिलं पाऊल म्हणून बोरेनचं अ‍ॅडक्ट करून बघा. ते हवेला टिकतं आणि बोरॉन-११ मध्ये उणे ३५ च्या आसपास स्वच्छ चौकडी देतं. ती दिसली आणि वजन जुळलं की तुमची पद्धत बसली असं समजून पुढे जा.

मुक्त कार्बीन हवंच आहे का?

फोनवर मी हा प्रश्न आता सर्वात आधी विचारते. चांदी, तांबं, सोनं किंवा पॅलेडियमचं कॉम्प्लेक्स हवं असेल तर मुक्त कार्बीन करूच नका. चांदीसाठी १९९८ पासून सिल्व्हर ऑक्साइडचा मार्ग आहे. मीठ आणि ऑक्साइड एकत्र ढवळायचं, फक्त उजेडापासून झाकायचं. सोन्यासाठी आणि तांब्यासाठी मीठ, धातूचं क्लोराइड आणि पोटॅशियम कार्बोनेट अ‍ॅसिटोनमध्ये ६० अंशांवर, तेही हवेत. पॅलेडियमचा पेप्सी नावाचा कॅटॅलिस्ट तर क्लोरोपिरिडीनमध्ये कार्बोनेट घालून ८० अंशांवर उघड्या भांड्यात करतात. धातू कार्बीनला जन्मतःच उचलून घेतो, पाण्याला संधीच मिळत नाही. जळगाव असो की शहादा, ऑगस्ट असो की मे, साध्या लॅबमध्ये हे जमतं आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेसं सकस काम होतं.

सिलिकॉन, बोरॉन, फॉस्फरस, जर्मेनियम यांच्यासाठी मात्र मुक्त कार्बीनला बहुतेक वेळा पर्याय नाही. त्यांनी वर्षाचं गणित हवामानाप्रमाणे मांडावं. आम्ही आता जानेवारी ते मार्चमध्ये चार-पाच ग्रॅमचा एकच मोठा घाणा काढतो, गंधकाने तपासतो आणि दोनशे-दोनशे मिलिग्रॅमच्या काचेच्या अँपूलमध्ये नायट्रोजनखाली वितळवून बंद करतो. घन रूपात आयपीआर महिनोन्महिने तसंच राहतं. पावसाळ्यात एक अँपूल फोडायची, लगेच वापरायची, उरलेलं ठेवायचं नाही.

एप्रिल-मे टाळतो त्याचं कारण वेगळं आहे. बाहेर ४५ अंश असतात आणि वीज गेली की लॅबही तापते. ईथर ३५ अंशांच्या जरा अलीकडे उकळतं, पेंटेन ३६ ला. बंद फ्लास्कमध्ये ते दाब धरतात आणि बूच उडतं. त्या दोन महिन्यांत हेक्झेन आणि टोल्यूइन वापरा, आणि ईथरची बाटली कपाटात नव्हे, ज्वालाग्राही द्रवांसाठी असलेल्या सुरक्षित फ्रिजमध्ये ठेवा.

यंदा मार्चमध्ये बावीस अँपूल भरल्या. परवा, सलग तिसऱ्या दिवसाच्या पावसात, त्यातली सातवी फोडली. ट्यूब नितळ होती, तळाशी काही नाही, आणि गंधकाचा आकडा आला ९४ टक्के.